सेवास्तीने नकाशात न काढलेली बोट

२५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ट्रेसी हे चक्रीवादळ उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर आदळले आणि उजाडेपर्यंत शहरातील बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. एवढे कोणालाही पडताळून पाहता येते. त्या रात्री तिथल्या नाइटक्लिफ या उपनगरातल्या एका घराच्या न्हाणीघरात कालोतिना माइलिस नावाची तरुण ग्रीक स्त्री दार-खिडकी बंद करून बसली होती, हे मात्र पडताळता येत नाही. ते तिने स्वतः सांगितले आहे, आणि मला तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितले आहे. एकदा सोबत नवरा होता, एकदा शेजारीण, एकदा कोणीच नव्हते. तिन्ही कथनांत न बदलणारी गोष्ट एकच: वर छप्पर उडाले, खाली त्या कोंदट खोलीत आता श्वास संपणार असे तिला वाटले, आणि त्यानंतर ती आजतागायत खिडकी बंद करून झोपलेली नाही.

हा मजकूर मात्र तिच्याविषयी नसून सेवास्ती कलाफातासविषयी आहे. कालोतिनाने तिला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतले होते. त्या नात्याने कालोतिना सेवास्तीची ‘नोना’, म्हणजे धर्माची आई. सेवास्तीचे काम असे की, एखाद्या जमिनीवर घरे बांधायची ठरली की कच्चा आराखडा तिच्याकडे येतो. ती तो पर्यावरण-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उभा करते आणि कोणत्या भिंतीवर केव्हा ऊन येईल, कोणत्या अंगणात सावली राहील, वारा कुठून शिरेल आणि कुठे अडेल, हे पाहून अहवाल लिहिते. अहवाल कोणी आवडीने वाचत नाही, हे तिला ठाऊक आहे. ‘माझ्या अहवालाचं शेवटचं पान फक्त वाचतात, आणि तेही सही आहे का बघायला,’ असे ती म्हणते.

मी संशोधनासाठी अशा हकीकती गोळा करते, आणि या गोष्टीत पुढे येणाऱ्या तिसऱ्या घरात भाड्याने राहते. त्यामुळे मी तटस्थ आहे असा दावा करत नाही. जे संवाद माझ्यासमोर झाले नाहीत ते सांगणाऱ्यांच्या तोंडून जसे आले तसे दिले आहेत, आणि दोघांच्या सांगण्यात फरक पडला तिथे तसे म्हटले आहे.

सेवास्तीचे वडील फरशीकाम करत. कालिम्नोस बेटावरून इथे आलेल्या बहुतेकांसारखे तेही बांधकामात शिरले आणि मुलगी हिशेबात बरी म्हणून तिला नकाशे काढायला बसवले. ती वीसेक वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली रेघा ओढत राहिली. ती चाळिशीत असताना ऑफिसने हे सॉफ्टवेअर घेतले तेव्हा तरुण मंडळींनी ते हातात घेतले, चार दिवस रंगीत चित्रे काढली आणि सोडून दिले. सेवास्ती चिकटून बसली. तिला चित्रांपेक्षा त्यांच्या मागचे आकडे आवडले, असे ती सांगते. तिच्या तेव्हाच्या सहकाऱ्याच्या मते तिला ऑफिसातली एसीखालची खुर्ची आवडली. दोन्ही खरे असू शकेल. ती स्वतः एसीशिवाय डोळा मिटू शकत नाही, हे तिने लपवलेले नाही.

नवरा गेल्यावर कालोतिना ट्रेसीनंतर उभारलेल्या त्या जुन्या, मोठ्या, गंजक्या पत्र्याच्या घरात एकटी राहत होती. तिची मुलगी इरिनी ॲडलेडला असते. ती दर रविवारी फोनवर एकच गोष्ट सांगे: आई, घर विक आणि इकडे ये. ट्रेसीनंतर शहर रिकामे केले गेले तेव्हा कालोतिनाला वर्षभर ॲडलेडलाच ठेवले होते. तिथल्या थंडीत सगळ्या खिडक्या लावून झोपावे लागे. त्या वर्षाविषयी ती बोलत नाही. ‘तिथे मी झोपलेच नाही,’ एवढेच म्हणते.

शेवटी पुतण्या मिकेसने मध्यममार्ग काढला. मिकेस प्लंबर आहे, पन्नाशीचा, बोलायला खणखणीत, आणि आपल्या थियावर, म्हणजे काकूवर, जीव असलेला. जुने घर पाडायचे, त्या जमिनीवर तीन छोटी घरे बांधायची. एक थियाचे, एक त्याचे, तिसरे भाड्याने. इरिनीने होकार दिला, पण अट घातली. नव्या घरात आईला पावसाआधीचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे, दमट महिने सोसले नाहीत, तर वाद न घालता आईने ॲडलेडला यायचे. कालोतिनाने मान डोलावली. घरात एसी लावून काही साधणार नव्हते, कारण एसीला खिडकी बंद लागते. म्हणजे सगळा प्रश्न एका खिडकीचा होता: पावसाआधी ज्या दिवसांत इथले आभाळ भरून येते आणि बरसत नाही, त्या दिवसांत रात्री तिच्या उशाच्या खिडकीतून वारा येईल की नाही.

आराखडा दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरातल्या कंपनीने पाठवला आणि तपासणीचा साचाही त्यांचाच होता. सेवास्तीने तो साचा जसाच्या तसा वापरला. ही तिची पहिली चूक, आणि ती तिने माझ्यासमोर स्वतःहून नोंदवून घेतली. साच्यात हिवाळ्यातले, म्हणजे जून-जुलैचे, ऊन घरात आले की गुण मिळत होते. वाऱ्याची तपासणी डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दुपारची होती, कारण तिकडे उन्हाळा म्हणजे तेच महिने आणि तीच वेळ. कालोतिनाचे घर सगळ्या रकान्यांत हिरवे आले. दुपारी समुद्रावरून वायव्येकडचा वारा सुटतो आणि तिच्या खोलीतून छान आरपार जातो, असे चित्र दिसत होते.

सेवास्ती लॅपटॉप घेऊन नोनाकडे गेली. कालोतिना ओट्याशी उभी राहून द्राक्षाच्या पानांत भात भरत होती.

“नोना, पास झालीस. पैकीच्या पैकी.”

“कशात गं?”

“वाऱ्यात. आणि हे बघ, जुलैत तुझ्या बैठकीत सकाळी किती ऊन येतंय.”

“जुलैत मला ऊन कशाला हवं? मी काय पापड वाळवणार आहे?” ती चित्राकडे वाकली. “हा पिवळा म्हणजे वारा? बरं. कितीचा आहे हा?”

“दुपारी तीनचा.”

“दुपारी तीनला मी चर्चच्या हॉलमध्ये पत्ते खेळत असते. झोपते मी रात्री.”

सेवास्ती म्हणते, तिला आधी हसू आले आणि मग घाम फुटला. ती स्वतः लहानपणापासून याच शहरात राहिलेली; तिला हे ठाऊक होते की समुद्राकडचा वारा अंधार पडला की मरतो, आणि रात्री जो काही थोडासा हलतो तो उलटा, जमिनीकडून, आग्नेयेकडून येतो. तिला हे ठाऊक होते. पण तिच्या अहवालाला ठाऊक नव्हते. कारण साच्याने विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

तिने पुन्हा मांडणी केली. महिने बदलले, ऑक्टोबर-नोव्हेंबर घेतले. वेळ बदलली, रात्र घेतली. हवामानाची नोंद विमानतळावरची होती आणि विमानतळ किनाऱ्यापासून आत आहे, हा फरक तिने अहवालात वेगळ्या ओळीत लिहिला. निकाल आधीइतका झळझळीत नव्हता, पण वाईटही नव्हता. आग्नेयेकडून एक फिकट पट्टा तिसऱ्या घराच्या आणि मिकेसच्या घराच्या मधून येऊन कालोतिनाच्या खिडकीपर्यंत पोचत होता. तिने अहवालावर सही केली. इरिनीला प्रत गेली. ‘ठीक आहे, बघू,’ असे तिचे उत्तर आले.

शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी चर्चला निघण्यापूर्वी पहाटे कालोतिना घरभर धूप फिरवते. पितळेच्या छोट्या धुपाटण्यात निखारा, त्यावर राळेचे खडे. त्या रविवारी सेवास्ती तिला चर्चला न्यायला आली तेव्हा ती घरात नव्हती. परसात, नव्या घराच्या खुंट्या आणि दोऱ्या जिथे ठोकल्या होत्या, तिथे आपल्या होणाऱ्या झोपायच्या खोलीच्या चौकोनात खुर्ची टाकून बसली होती. हातात धुपाटणे.

“हे काय, नोना?”

“खोलीला धूप दाखवतेय.”

“खोली अजून नाहीये.”

“म्हणून तर बघतेय, इथे काय असणार ते.”

उजाडायला थोडा वेळ होता. जमिनीकडचा वारा ज्या वेळी चालू असायला हवा, नेमकी ती वेळ. धुपाचा धूर सरळ दोरीसारखा वर जात होता. सेवास्ती त्याच्याकडे पाहत राहिली. फाटकाबाहेर रस्त्यावर महोगनीच्या झाडांची पाने हलत होती. तिने ती दोनदा जाऊन पाहिली. म्हणजे वारा होता. तो इथे येत नव्हता.

तिने आग्नेयेकडे तोंड केले आणि तिच्यासमोर मिकेसची बोट होती.

ही बोट मिकेसच्या वडिलांची. कालोतिनाच्याच परसात ट्रेलरवर चढवलेली, वरून जमिनीपर्यंत निळी ताडपत्री सोडलेली, आणि मागे टेकायला पत्र्याची अर्धी भिंत. मिकेस ती दुरुस्त करतो आहे, असे सगळे म्हणतात. ती किती वर्षे दुरुस्त होते आहे याबद्दल मला एकमत आढळले नाही. मिकेस ‘थोडी’ म्हणतो, बायको हसते. डार्विनमध्ये प्लॉटचा आराखडा काढताना बोटीची जागा सगळ्यांत आधी धरतात, स्वयंपाकघराच्याही आधी. या आराखड्यातही ती धरली होती, जिथे उभी आहे तिथेच. पण सॉफ्टवेअरमध्ये बोट काढायची पद्धत कुठल्याच ऑफिसात नाही. बोट ही वस्तू येते आणि जाते, असे गृहीत असते. शनिवारी समुद्रात, रविवारी परत. सेवास्तीने आजवर अनेक अहवाल केले आणि कुठेही बोट काढली नव्हती. मोटारीही काढत नाहीत. पण मोटार छातीइतकी उंच असते, आणि ही बोट ताडपत्रीसकट खिडकीच्या वर जात होती. आणि ती कधीच कुठे जात नव्हती.

त्याच दिवशी तिने बोट मॉडेलमध्ये काढली. कालोतिनाच्या उशाची खिडकी गडद निळी झाली. त्या सॉफ्टवेअरमध्ये निळा म्हणजे साचलेली हवा.

सही केलेला अहवाल चुकीचा निघाला होता. तिने इरिनीला फोन करून तसे सांगितले. इरिनी शांतपणे म्हणाली, “सेवास्ती, खरं सांगितलंस, बरं केलंस. मग मी आईची खोली तयार ठेवते.” सेवास्ती म्हणाली, “थांब जरा,” आणि मिकेसकडे गेली.

मिकेसच्या गॅरेजमध्ये झालेले बोलणे मी दोघांकडून वेगवेगळे ऐकले. शब्द जवळपास जुळतात. कोण किती ओरडले, ते जुळत नाही.

“ये ये, बाईसाहेब! काय म्हणतोय तुझा कॉम्प्युटर? उद्या पाऊस आहे का?”

“तुझी बोट नोनाचा वारा अडवतेय.”

“बोट आहे का डोंगर?”

“ताडपत्री जमिनीपर्यंत आहे, मागे पत्रा आहे. वाऱ्याला ती भिंतच. हे बघ.”

त्याने चित्र पाहिले. “ही माझी बोट? साबणाच्या वडीसारखी काढलीयेस. बापाने कशी घडवली होती, नाक बघितलंयस तिचं?”

“वाऱ्याला नाक दिसतच नाही, मिकेस. तू ती आडवी लावलीयेस.”

“मग कुठे ठेवू? तुझ्या ऑफिसात? धक्क्यावर जागा मिळत नाही आणि मिळाली तरी वादळात कोण बांधणार?” मग थोडे थांबून, “थिया काय म्हणाली?”

“काहीच नाही. ती तुला कधी सांगणार नाही. ॲडलेडला निघून जाईल, पण बोट हलव असं म्हणणार नाही. तुझ्या बापाची आहे ना.”

इथे मिकेसच्या सांगण्यानुसार तो विचारात पडला. सेवास्तीच्या सांगण्यानुसार त्याने पाना जमिनीवर आपटला. पुढची ओळ मात्र दोघांनीही सारखीच सांगितली. सेवास्ती म्हणाली, “मी बोट काढून टाक म्हणत नाहीये. फिरव म्हणतेय.”

तिने आदल्या दिवशी त्या जागेच्या अनेक मांडण्या करून पाहिल्या होत्या. बोट पूर्ण हटवली तर वारा सुटत होता, हे उघड होते. पण बोटीचे नाक आग्नेयेकडे केले, ताडपत्री वर गुंडाळली आणि पत्र्याची भिंत काढून नुसते खांब ठेवले, तर वारा बोटीच्या दोन्ही अंगांनी घसरत पुढे जात होता. बोट जागीच राहत होती. फक्त त्या दिशेने ट्रेलर आत घ्यायचा तर वळायला जागा हवी होती, आणि ती तिसऱ्या घराच्या व्हरांड्यातून कापावी लागणार होती. भाड्याचे घर जरा लहान होणार होते.

“आणि तुझा कॉम्प्युटर पुन्हा चुकला तर?”

“चुकू शकतो. म्हणून आधी नुसती फिरवून बघू. एक पहाट. नोना धूप घेऊन बसेल.”

“धूप!” मिकेस म्हणाला. “लाखाचं सॉफ्टवेअर आणि शेवटी म्हातारीचा धूप.”

“हो. तुला काही हरकत?”

हरकत नव्हती. अडचण होती. ट्रेलरची चाके बसली होती आणि टायर कुजून जमिनीला चिकटले होते. शनिवारी दुपारी चर्चमधली पाच-सहा मंडळी जमली. दोन जॅक, एक जुनी दोरी, बिअरचा खोका, आणि दिशा सांगणारे तोंडांइतकेच. ताडपत्रीखालून एक बेडूक आणि मिकेसच्या हरवलेल्या ड्रिलची पेटी निघाली. ‘बघ, दुरुस्ती चालूच होती,’ असे कोणीतरी म्हणाले. कालोतिना ओसरीवरून ओरडत होती, “अरे सावकाश! बोटीपेक्षा पाठी जुन्या आहेत तुमच्या!” अंधार पडण्याआधी बोट फिरली, ताडपत्री वर गुंडाळली गेली, पत्र्याची अर्धी भिंत तेवढी राहिली, आणि सगळ्यांनी द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या उभ्याउभ्याच संपवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोऱ्यांच्या चौकोनात कालोतिना बसली. सेवास्ती शेजारी उभी. मिकेस झोपेतून उठून, शर्टाची बटणे वरखाली लावून आला होता. राळेचा खडा निखाऱ्यावर टाकला. धूर थोडा वर गेला, मग वाकला आणि हळूहळू समुद्राच्या दिशेने, कालोतिनाच्या डोक्यावरून, पुढे सरकला. 

मग सेवास्तीनेच बोलायला सुरुवात केली, आणि मला तिचा हा स्वभाव फार मोलाचा वाटतो. “आज वारा तसाही जास्त असेल. मागच्या रविवारशी तुलना करता येत नाही. एका सकाळचा धूर म्हणजे पुरावा नव्हे.”

“पोरी,” कालोतिना म्हणाली, “मला कोर्टात जायचं नाहीये. झोपायचंय.”

मिकेस हसत सुटला. मग त्याने पत्र्याच्या भिंतीकडे पाहिले, तिच्यावर एक थाप मारली आणि म्हणाला, “ही माझ्या बापाने लावली होती. त्यालाही वारा कुठून येतो ते कळत नव्हतं. पत्रा मी उद्या काढतो, थिया.”

कालोतिनाने त्याला जवळ बोलावून वरखाली लागलेली बटणे सोडवली आणि नीट लावली. तिने आभार असे शब्दांत मानले नाहीत, असे दोघेही सांगतात.

सेवास्तीने सुधारित अहवाल दिला. आधीचा चुकीचा अहवाल तिने रद्द केला, पण नष्ट केला नाही. दोन्ही फायली आणि तिसरी, बोटीची, तिने मला संशोधनासाठी दिल्या. आपली चूक जपून ठेवणारी माणसे मला या कामात क्वचित भेटली आहेत, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. आता तिच्या ऑफिसच्या साच्यात रात्र पहिली येते आणि दुपार नंतर. ‘प्लॉटवर अशी कोणती वस्तू आहे, जी जाईल असे सगळे म्हणतात आणि जात नाही?’ हा प्रश्नही त्यात घातला आहे. लोक हसतात, आणि मग बहुतेक जण उत्तरही देतात. सेवास्ती म्हणते, हे तिला नोनाने शिकवले. नोना म्हणते, मी काही शिकवले नाही, मी फक्त मी केव्हा झोपते ते सांगितले.

घरे झाली. कालोतिनाने पहिले ऑक्टोबर-नोव्हेंबर त्या खोलीत काढले. इरिनी डिसेंबरात स्वतः येऊन राहिली, बारा-पंधरा दिवस आईच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून. जाताना तिने ॲडलेडचा विषय काढला नाही. विमानतळावर तिने सेवास्तीला मिठी मारून काय सांगितले ते सेवास्तीने मला सांगितलेले नाही, आणि मी दोनदा विचारले आहे.

मी या तिसऱ्या घरात राहायला आले तेव्हा व्हरांड्यात एकच खुर्ची मावते हे पाहून घरमालकाकडे, म्हणजे मिकेसकडे, कुरकुर केली होती. तो म्हणाला, “बाई, तुझी दुसरी खुर्ची थियाच्या झोपेत गेली.” तेव्हा मला काही कळले नाही. आता मी त्या एका खुर्चीत संध्याकाळी बसते. बोटीचे नाक माझ्या पायांपासून हातभर अंतरावर असते. ती अजून दुरुस्त होते आहे. कालोतिना अधूनमधून कुंपणावरून फिलाची, त्या द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांची, ताटली सरकवते, आणि मी ती माझ्या कापल्या गेलेल्या व्हरांड्याचे भाडे समजून घेते.

काय माहीत नाही, तेही लिहून ठेवते. रात्री त्या खोलीत प्रत्यक्ष वाऱ्याचा वेग किती असतो, हे आजवर कोणी मोजलेले नाही. सेवास्तीने मापक लावायचे सुचवले तेव्हा कालोतिनाने ‘माझ्या झोपेवर पाळत?’ म्हणून ते परत पाठवले. त्याच वर्षी शेजाऱ्याने आपले एक झाड तोडले, त्यामुळे झालेला फरक बोट फिरवण्याचा किती आणि झाडाचा किती, हे वेगळे करता येत नाही. पहिल्या रविवारी धूर सरळ का गेला, त्यात बोटीचा वाटा किती होता, हेही निश्चित नाही. आणि १९७४ च्या त्या पहाटे न्हाणीघरात कालोतिनासोबत कोण होते, याची नोंद मला अजून कुठेही सापडलेली नाही.